भिंतीवरचा जगाचा नकाशा

वर्गातील जगाच्या पुष्कळ नकाशांत ग्रीनलंड भारताहून कितीतरी मोठे दिसते. प्रत्यक्षात भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, तर ग्रीनलंडचे २२ लाखांच्या आत. हा दोष छपाईचा नव्हे, प्रक्षेपणाचा. गोलाचा पृष्ठभाग सपाट कागदावर उतरविताना आकार वा क्षेत्रफळ यांपैकी काहीतरी सोडावेच लागते. मर्केटरने १५६९ मध्ये क्षेत्रफळ सोडले. खलाशाला एकच दिशा धरून सरळ रेषेत मार्ग आखता यावा, हा त्याचा हेतू. समुद्रावर ते योग्यच होते. मुलांना देशांची तुलना शिकविताना मात्र समक्षेत्र प्रक्षेपणाचाच नकाशा टांगावा, असे आम्हांस वाटते. त्यात काही खंड ओढल्यासारखे दिसतात खरे. परंतु आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट, म्हणजे आहे तेवढीच, दिसते.