सातची बाटली

मैत्रिणींनो, बचत गटांच्या बैठकांत दारूबंदीवर बोलणारी बाई म्हणून आमच्या केज तालुक्यात मला थोडंफार ओळखतात. 'आडवी बाटली'च्या मतदानासाठी मी दारोदार फिरले आहे, भाषणंही ठोकली आहेत. आणि त्याच काळात भिंतीपलीकडे माझा सख्खा धाकटा दीर रोज रात्री पिऊन पडत होता. सभेत एखादी उठून "ताई, आधी तुमच्या घरचं बघा" म्हणेल, या भीतीने पोटात गोळा यायचा. कुणी म्हटलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच म्हटलं नसावं.

हे लिहू का, असं मी भावजींनाच विचारलं. ते म्हणाले, "लिहा वैनी, पण माझं नाव टाकू नका. मैनीचं टाका." मैनी म्हणजे आमची शेळी.

२०२१ च्या पावसाळ्यात आम्ही त्यांना पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. दिवाळीनंतर ते घरी आले. अंगावर थोडं मांस चढलेलं, डोळे स्वच्छ. पण घर काही बदललं नव्हतं. धाकट्या जाऊबाईंनी पैशांचा डबा माझ्याकडे आणून ठेवला होता. दुकानातून साखर आणायला सांगायची तर पोराला पाठवायचं, बापाच्या हातात दहाची नोट द्यायची नाही. शेताचं काम सासऱ्यांनी बटईने दिलेलं. भावजी दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. केंद्रात असताना उठण्यापासून झोपेपर्यंतचा दिवस आखलेला होता. इथं संध्याकाळ झाली की त्यांचे पाय हलायला लागायचे. सात ही गुत्त्याची वेळ. सात ते नऊ हा माणूस अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालायचा, आणि आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरातून कान लावून बसायचो.

डिसेंबरात सासूबाईंची शेळी व्याली आणि त्यातच गेली. तीन करडं होती. दोन दुसऱ्या दिवशी दगावली, एक राहिलं. पाट होती, काळीभोर, एका कानावर पांढरा ठिपका. आम्ही सगळ्या कापूस वेचायला गेलेलो. घरी होते ते एकटे भावजी. सासूबाईंनी ते ओलं करडू गोणपाटात गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुला काय काम हाय? धर हिला." त्यात काही उपचार-बिपचार नव्हता. वैताग होता.

शेजारच्यांची शेळी त्याच आठवड्यात व्यालेली, तिचा चीक मिळाला म्हणून ती जगली. मग मेडिकलमधून लेकराची दुधाची बाटली आणली. करडाला एकदम पोटभर पाजून चालत नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, कोमट करून द्यावं लागतं. पहाटे एक बाटली, आणि संध्याकाळी एक, बरोबर सातला. थंडीचे दिवस; रात्री उठून ती गारठली नाही ना, हे बघावं लागे. दारू सोडलेल्या माणसाला महिनोन्‌महिने झोप लागत नाही. भावजी जागेच असत. आता जागं राहायला काहीतरी कारण मिळालं.

पंधरा दिवसांत ती त्यांच्या मागे मागे फिरायला लागली. ते संडासला गेले तरी दाराबाहेर उभी! आम्ही हसायचो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरातला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघताना मागची पंधरा वर्षं बघत होता. जाऊबाईंना मोडलेलं मंगळसूत्र दिसायचं, पोराला शाळेच्या फाटकात पडलेला बाप दिसायचा, मला माझी सभा दिसायची. आमचं चुकत नव्हतं. विश्वास काय असा आठवड्यात येतो? मैनीला मात्र त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की हा माणूस आला की दूध येतं.

आणि मग जानेवारीत पाहुण्यांकडे जावळ होतं. बोकड पडलं, बाटल्या निघाल्या. भावजी रात्री घरी आलेच नाहीत. त्या रात्री आम्ही दोघींनी बाटली लावून पाहिली, मैनी तोंड फिरवायची. बें बें करून तिने सगळी गल्ली जागी ठेवली. पहाटे भावजी आले, झोकांड्या खात. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, मीही नाही. बोलून बोलून थकलो होतो. ते खुंट्याजवळ गेले तर तिने आधी मान पुढे केली आणि वास आला तशी मागे सरली. दोरी ताणून उभी राहिली. भावजी तिथेच शेणात बसले.

"वैनी, रात्री कुणी पाजलं तिला?"

"कुणीच नाही. घेतच नव्हती."

दुपारी ते आपणहून म्हणाले, डॉक्टरकडे चला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आता माझी बी. ए.ची बुद्धी मला स्वस्थ बसू देत नाही. लेक पुण्याला शिकते, तिला हे सांगितलं तर तिने मोबाईलवर एक इंग्रजी सिनेमा दाखवला. लंडनचा जेम्स बोवेन, रस्त्यावर गिटार वाजवून पोट भरणारा, हेरॉईनच्या विळख्यातून सुटण्यासाठी मेथाडोन या औषधावर असलेला. २००७ साली त्याला इमारतीत एक जखमी, तांबूस बोका सापडला. जवळचे होते नव्हते ते पैसे त्याने त्याच्या औषधाला घातले. त्या बोक्याचं, बॉबचं, पोट भरायचं म्हणून तो रोज कामाला लागला, आणि पुढे मेथाडोनही सुटलं. २०१२ मध्ये त्याचं 'अ स्ट्रीट कॅट नेम्ड बॉब' हे पुस्तक आलं, २०१६ मध्ये सिनेमा. बॉब २०२० च्या जूनमध्ये गेला. लंडनचा बोका आणि केजची शेळी, काय संबंध? पण सिनेमा बघताना भावजी मधेच उठून बाहेर गेले. बघितलं तर मैनीच्या पाठीवरून हात फिरवत उभे.

प्राण्यांची मदत घेऊन मनावर उपचार करण्याची रीत तशी नवी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६० च्या दशकात आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन मुलांवर उपचार केले आणि त्यावर लिहिलं. आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने शिकवलेले कुत्रे घेऊन विशेष मुलांसोबत काम केलं आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आईला बाळाला पाजताना पान्हा फुटतो, त्यातही हेच असतं. शेळीच्या डोळ्यांत त्यांनी पाहिलं नसावं! पण बाटली धरून बसलेल्या भावजींचा चेहरा मी पाहिला आहे.

कधी कधी वाटतं, आपल्या गावांत दावणी रिकाम्या झाल्या तशा संध्याकाळीही रिकाम्या झाल्या. सासऱ्यांच्या उमेदीत दिवेलागणीला वैरण, पाणी, धार, यातच आठ वाजायचे. ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि तो वेळ गुत्त्याने घेतला. अर्थात हेही पूर्ण खरं नाही. आमच्या जिल्ह्यातून दसऱ्यानंतर बैलगाड्या घेऊन ऊसतोडीला जाणारे कितीतरी जण बैल शेजारी बांधून पितातच की.

म्हणून मैत्रिणींनो, नवरा पितो म्हणून उद्याच बाजारातून करडू आणू नका. कृपा करा. पिणाऱ्याच्या हाती मुकं जनावर दिलं तर मार ते खाईल, नाहीतर आठवडी बाजारात क्वार्टरच्या भावात विकलं जाईल. आधी उपचार. खूप वर्षं पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. हे काम डॉक्टरांचं आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६. पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंची देणगी त्यामागे होती. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण करडू पाजून नवऱ्याचं मन भरेल, बायकोच्या पंधरा वर्षांचं काय? जाऊबाई अजून रात्री दचकून उठतात.

भावजींची औषधं पुढे वर्षभर चालली. मैनीला पीपीआरची लस द्यायला मात्र ते स्वतः जनावरांच्या दवाखान्यात जात, तारीख न चुकता. गल्लीतली पोरं आधी त्यांना काय म्हणायची ते लिहीत नाही. आता 'शेळीवाले मामा' म्हणतात. जानेवारी २०२२ नंतर त्यांनी घेतलेली नाही. निदान आम्हाला तरी माहीत नाही.

मैनी पुढे व्याली, एक पाट आणि एक बोकड. २०२४ च्या बकरी ईदच्या आधी बोकड बाजारात न्यायचं ठरलं. कोण नेणार? भावजी म्हणाले, मी जातो. रोख पैसे, बाजाराचा दिवस आणि बाजाराच्या वाटेवर तीन गुत्ते. जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काहीच बोलले नाही, मला भाषण सुचलं नाही. सासरे म्हणाले, "जाऊ द्या."

संध्याकाळचे सात झाले, साडेसात झाले. जाऊबाईंनी दोनदा भाकरी करपवली. आठला फाटक वाजलं. भावजींनी ओट्यावर नोटा ठेवल्या. जाऊबाईंनी आधी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला, मग नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. थोडे कमी होते. भावजींनी पिशवी पुढे केली. तिच्यात सरकी पेंड होती, आणि मैनीच्या गळ्यात बांधायला एक पितळी घुंगरू.