न सापडलेल्या उत्तराची हमी

घरातले मूल संगणकशास्त्रात एम.टेक. करते, ‘प्रगत अल्गोरिदम’ शिकते, म्हणजे नेमके काय करते, असा प्रश्न आपल्याला पडत असेल. एक उदाहरण घेऊ.

इंदूर धरून २० गावे एकेकदा पाहून इंदूरला परतायचे आहे. सर्वांत कमी अंतराचा फेरा कोणता? १० गावांचे फेरे १,८१,४४० होतात. २० गावांचे सगळे फेरे सेकंदाला एक कोटी या वेगाने तपासले, तरी सुमारे १९० वर्षे लागतील. याहून चतुर रीती आहेत. पण गावे कितीही वाढोत, झटपट आणि अचूक उत्तर नेहमीच देईल अशी रीत आजवर सापडलेली नाही.

मग सगळी गावे जोडणारे, एकूण लांबी कमीत कमी असलेले रस्त्यांचे जाळे काढायचे. ते लवकर निघते. उत्तम फेऱ्यातला एक रस्ता वगळला, तर उरते तेही सर्व गावे जोडणारे जाळेच. म्हणून आपले जाळे उत्तम फेऱ्याहून लांब असणार नाही. त्याच्या प्रत्येक रस्त्याने एकदा जा, एकदा या. फेरा उत्तमाच्या दुपटीत बसला! पाहिलेली गावे टाळून थेट पुढे गेलात, तर अंतर वाढत नाही. १९७६ मध्ये निकोस क्रिस्टोफिडिस यांनी ही हमी दीडपटीवर आणली.

उत्तम फेरा हाती नाही, तरी आपण त्यापासून फार तर किती दूर आहोत, हे सिद्ध होते. या अभ्यासात बराच वेळ अशा सिद्धतांना जातो. तेव्हा संगणक बंद आणि वही उघडी दिसली, तर अभ्यास चालू आहे असे समजावे.