तळघराचा गारवा आणि वाइनचा बुधला

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की तिचे ‘पेव फुटले’ असे आपण म्हणतो. हे पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार. सांगलीजवळच्या हरिपुरात अशा पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवली जाई. जमिनीच्या पोटात ऊन, वारा आणि ऋतू यांचा जोर ओसरतो, हे आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत होते.

आता तालुक्याच्या गावीही नवे घर बांधताना तळघराचा विचार होतो. आर्णीसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या घरात जातो. तेव्हा दुपारी पडायला खाली एक खोली असावी, हे वाटणे साहजिक आहे. त्यातच कोणाला युरोपातल्या तळघरांची आठवण होते आणि कोपऱ्यात द्राक्षाच्या वाइनचा बुधला दिसू लागतो. या दोन इच्छा मात्र वेगवेगळ्या तपासून पाहायला हव्यात.

पहिला प्रश्न गारव्याचा. जमीन थंडी निर्माण करत नाही; ती चढउतार पुसते. दिवसरात्रीचा फरक हात-दोन हात खोलीवरच संपतो. सात-आठ मीटर खाली तापमान जवळजवळ स्थिर होते आणि ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतके असते. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात ही सरासरी १०-१२ अंश आहे, म्हणून तिथल्या खडूच्या दगडातील तळघरांत वाइन शांतपणे मुरते. यवतमाळ जिल्ह्यात ती २७ अंशांच्या आसपास. आठ-दहा फूट खोलीच्या तळघरात उन्हाळ्याअखेर ३० अंशही भरतील. बाहेर ४४ असताना हे सुखाचे आहे. पण वाइन मुरायला १२ ते १५ अंश लागतात. नाशिकचे उत्पादकही म्हणूनच निव्वळ जमिनीवर विसंबत नाहीत. ते पोलादी टाक्या यंत्राने थंड ठेवतात.

दुसरा प्रश्न हवेचा, आणि तो जिवाशी येऊन ठेपतो. रस आंबताना साखरेचे जवळपास निम्मे वजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते. २० लिटर रसात साधारण चार किलो साखर असते. तिच्यातून सुमारे दोन किलो, म्हणजे हजार लिटरहून अधिक वायू निघतो. दहा बाय बारा फुटांच्या, आठ फूट उंच खोलीत सुमारे २७ हजार लिटर हवा मावते. खोली बंद राहिली, तर त्या हवेत या वायूचे प्रमाण चार टक्क्यांच्या जवळ जाऊ शकते, आणि ही पातळी धोक्याची मानली जाते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. नेमका तिथेच, जिथे आपण दुपारी चटई टाकणार.

पेव उघडले की हरिपुरात ते काही काळ मोकळे ठेवत आणि आत कंदील सोडून पाहत. तो विझला तर उतरायचे नाही. पण तो जळत राहिला म्हणजे धोका नाही, असे समजू नये. चार टक्क्यांना दिवा जळतच असतो, माणसाचे डोके मात्र जड होऊ लागते. जुन्या विहिरीत उतरलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परतत नाही, हे आपण वाचत आलो आहोत. कारण बहुधा हेच असते: खाली साचलेली वाईट हवा.

कायदाही आड येतो. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात ‘दारू’च्या व्याख्येत वाइनही येते, परवान्याशिवाय ती घरी करता येत नाही.

म्हणजे तळघर बसण्या-पडण्यासाठी करावे, बुधल्यासाठी नाही. तेही जमीन ओळखून. अरुणावतीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला आतबाहेर रेटत राहते. म्हणून भिंत आरसीसीची हवी आणि तिच्यामागे काळ्या मातीऐवजी मुरूम भरावा. जलरोधक लेप बाहेरच्या अंगाने द्यावा. पाणी गोळा करायला खड्डा आणि उपसायला पंप असावा. एक झरोका वर आणि हवा ओढणारा पंखा जमिनीलगत बसवावा.

शँपेनचे तळघर आर्णीत आणता येणार नाही, पण मे महिन्यातली एक सुसह्य दुपार नक्की मिळेल. तेवढ्यासाठीही खोदण्याआधी आपली माती, आपले ऊन आणि खोलीतली हवा यांचा हिशेब मांडायला हवा.