तक्रार नसलेल्यांचं रक्त

हत्तीरोगासाठी दिवसा घेतलेल्या रक्तात बहुधा काही सापडत नाही. कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री, क्युलेक्स डासांच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून पूर्व विदर्भातले आरोग्य कर्मचारी रात्री दारोदार फिरतात. नागपूर जिल्ह्यातल्या एका गावात मी त्यांच्यासोबत गेलो.

बोट स्पिरिटनं पुसायचं, टोचायचं, पहिला थेंब टिपून टाकायचा, पुढचे काचपट्टीवर घेऊन जाडसर पसरायचे, क्रमांक घालायचा. एका अंगणात चाळिशीतल्या शेतकऱ्यानं हात मागे घेतला. "मले त काहीच नाही ना ताई, मंग रगत कायले देऊ?"

"काही नाही म्हनूनच पायतो, भाऊ," आशाताई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं.

वाळलेल्या पट्ट्या सकाळी पाण्यात धरून त्यांचा लाल रंग उतरवतात, मग जेएसबी रंग देतात. तंत्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली एक पट्टी लावून दिली. सैल वळणांची मायक्रोफायलेरिया दिसली. भोवती पातळ आवरण, शेपटीचं टोक ठिपक्यांवाचून मोकळं. त्यावरून वुचेरेरिया बँक्रॉफ्टी ओळखतात. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास. आजूबाजूला पांढऱ्या पेशींची केंद्रकं विखुरलेली होती. परक्याला हुडकून मारणं हेच या पेशींचं काम. तरीही ही पिल्लं रक्तात बिनधास्त फिरतात आणि त्यांची आठ-दहा सेंटिमीटर लांब आई लसिकावाहिनीत वर्षानुवर्षं जगते.

कारण कृमी शरीराला शांत ठेवतो. त्यानं स्रवलेले रेणू पेशींचं वागणं बदलतात. प्रतिकार आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, दाह शमवणारं इंटरल्युकिन-10 वाढतं, आयजीजी-4 ही मवाळ प्रतिपिंडं वाढतात. ताप नाही, सूज नाही. माणूस शेतावर जातो आणि त्याच्या रक्तातला कृमी डासांमार्फत शेजाऱ्यांपर्यंत पोचतो. लसिकावाहिन्या मात्र आतून रुंदावत असतात.

काहींच्या शरीरात हा लगाम बसत नाही. उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया या आजारात रात्री खोकल्याची ढास लागते, धाप लागते. रक्तात इओसिनोफिल पेशी अतोनात वाढतात, पण पिल्लं सापडत नाहीत. शरीर त्यांना फुप्फुसांत मारत असतं आणि त्या झटापटीत फुप्फुसांनाच इजा होते. म्हणजे गप्प राहिलं तर कृमी फोफावतो, चवताळून उठलं तर स्वतःचंच नुकसान. दोन्ही टोकांना किंमत माणूसच मोजतो.

हे समजलं की गावात दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या कृमिनाशक गोळीबद्दलची धास्तीही समजते. रक्तात पिल्लं असलेल्याला डीईसीची गोळी घेतल्यावर ताप येऊ शकतो, डोकं दुखतं, अंग ठणकतं. मरणाऱ्या पिल्लांतून त्यांच्या शरीरातल्या वोल्बाकिया जिवाणूंचे अंश बाहेर पडतात आणि इतके दिवस दबलेला दाह उसळतो. हा त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. पण धडधाकट माणूस गोळीनं आजारी पडला, एवढंच गावाला दिसतं. पुढच्या वर्षी ते घर गोळी नाकारतं आणि कृमीला आणखी एक वर्ष मिळतं.

म्हणून गोळी हातावर ठेवण्याआधीच तापाची कल्पना द्यायला हवी, तो का येतो हे सांगायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी विचारपूस करायला जायला हवं. कसलाही त्रास नसलेल्या माणसानं औषध घ्यावं अशी मागणी आपण करतो. त्याला कारण समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.