जाड तार, बारीक तार

मध्य प्रदेशात बैहरजवळच्या मलाजखंडला तांब्याची प्रचंड खाण आहे. हिंदुस्तान कॉपरची ही खाण १९८२ सालापासून चालू आहे. या धातूवाचून एकही फोन, रेडिओ की चार्जर चालत नाही आणि वस्तू बनवणाऱ्याची पहिली ओढाताणही त्याच्यापाशीच सुरू होते.

चार्जरची वायर घ्या. आतली तार जाड ठेवली तर विजेला अडथळा कमी, फोन लवकर भरतो; पण वायर महाग आणि ताठर होते. तार बारीक केली की किंमत उतरते, मात्र विजेचा दाब वाटेतच घटतो, थोडी वीज उष्णतेत जाते आणि फोन रेंगाळत चार्ज होतो. दिसायला जुळ्या असलेल्या दोन वायरींच्या भावातला फरक पुष्कळदा या न दिसणाऱ्या तांब्याचा असतो.

काय सोडायचं, हे मात्र गिऱ्हाईक कुठे राहतं त्यावर ठरतं. नोकियाने २००३ साली ११०० हा फोन आणला, तेव्हा रंगीत पडदा आणि कॅमेरा यांचा बोलबाला सुरू झाला होता. या फोनला दोन्ही नव्हते! होती ती धूळ आत न जाऊ देणारी एकसंध रबरी बटणं, ओल्या हातातून निसटू नये अशा कडा आणि माथ्यावर इवलीशी विजेरी. ‘सी’चं बटण दाबून धरलं की उजेड. पडदा साधा असल्याने बॅटरीवरचा भार हलका. वापराविना ती ४०० तासांपर्यंत टिकते, असं कंपनी सांगे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की दरवाज्याकडल्या एखाद्या गावात, जिथे घरामागेच रान सुरू होतं, कॅमेऱ्यापेक्षा विजेरीचं मोल जास्त, हे वेगळं सांगायला नको. जगभर असे २५ कोटींच्या आसपास फोन खपले.

उलट २०१६चा सॅमसंग गॅलेक्सी नोट ७. बारीक अंगात मोठी बॅटरी बसवली. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीचं आवरण आतल्या पट्ट्यांना कोपऱ्यात अपुरं पडलं. फोन पेटू लागले आणि अखेर कंपनीने ते बनवणंच थांबवलं.

आता बहुतेक फोन गोंदाने बंद केलेले असतात. पाणी सहजी शिरत नाही, पण बॅटरी घरी बदलता येत नाही. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून ती वापरणाऱ्याला काढता यावी असा नियम केला आहे. तोवर बैहरच्या गिऱ्हाइकाने दुकानात एवढं जरूर विचारावं: बॅटरी इथेच बदलून मिळेल, की बालाघाट गाठावं लागेल?