न दुखणारी कावीळ

चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाचे डोळे पिवळे झाले तर घरचे फारसे घाबरत नाहीत. इथे हिवताप आहे, सिकलसेल आहे, पावसाळ्यात दूषित पाण्याची कावीळही आहे. वैदूचा झाडपाला सुरू होतो, तेल-तिखट बंद होते आणि महिना निघून जातो. तरुण पोरांना पुष्कळदा उतारही पडतो, कारण विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते. पण माणूस पन्नाशी ओलांडलेला आहे, ताप नाही, पोट दुखत नाही, तरी पिवळेपणा चढतोच आहे, अंगाला खाज सुटली आहे, लघवी गडद आणि शौच पांढुरके होते आहे, तर झाडपाल्यात दिवस घालवू नयेत.

जठराच्या मागे जेमतेम १५ सेंटिमीटरचे स्वादुपिंड आडवे असते. यकृताकडून येणारी पित्तनलिका त्याच्या डोक्याकडच्या भागातून लहान आतड्यात उतरते. तिथे कर्करोगाची गाठ झाली की नळी दबते, पित्त तुंबते आणि रक्तात मिसळते. गाठ लहान असतानाच मिळालेली ही वर्दी ठरू शकते. शेपटाकडची गाठ अशी वर्दी देत नाही, ती अनेकदा यकृतात पसरल्यावरच कळते. निदानाच्या वेळी शंभरातल्या जेमतेम १५ ते २० रुग्णांवर शस्त्रक्रिया शक्य असते, कारण रोग बहुधा उशिरा कळतो. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच कर्करोगामुळे फेब्रुवारी २०१८ मध्ये रुग्णालयात दाखल झाले. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली असे उपचार होऊनही १७ मार्च २०१९ रोजी ते गेले.

तरी हा रोग एका रात्रीत होत नाही. पेशीतल्या पहिल्या बिघाडापासून कर्करोग उभा राहायला दहाएक वर्षे लागतात, असा अंदाज २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मांडला. तेवढ्या काळात तो सर्वांमध्ये हुडकेल अशी चाचणी मात्र अजून नाही. म्हणून पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही उतरू लागले, तर ती याच रोगाची खूण असू शकते; नुसत्या साखरेच्या गोळीवर समाधान मानू नये.

आणि खर्रा. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून दिलेली ती पुडी तोंडाचा कर्करोग करते, हे २०१६ पासूनच्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती मोहिमेमुळे गडचिरोलीत गावोगाव पोचले आहे. चघळायची तंबाखू स्वादुपिंडाच्या कर्करोगालाही कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेले असूनही फारसे कुणी बोलत नाही.

कावीळ दिसताच रक्तातल्या बिलिरुबिनची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करावी. आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत गाठ लपू शकते, पण फुगलेली पित्तनलिका बहुधा दिसते. ती दिसली, तर गाठ दिसो वा न दिसो, सीटी स्कॅन करून घ्यायलाच हवा.