रांगेतील न्याय

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन झाले. अशा एखाद्या मोठ्या वास्तूत एक पाहुणा लांबलचक चित्रफीत पाठवीत आहे आणि शेजारच्या खोलीतील विद्यार्थिनी परीक्षेचा अर्ज धाडीत आहे, अशी कल्पना करू. दोघांचेही संदेश लहानमोठ्या पाकिटांत विभागले जातात आणि बाहेर जाणाऱ्या एकाच तारेच्या मुखाशी, ‘स्विच’ नावाच्या यंत्रात, येऊन थांबतात. आधी कोणाचे पाकीट सोडावयाचे?

‘जो आधी आला तो आधी’ हा नियम वरवर न्याय्य वाटतो. परंतु जो अधिक पाकिटे लोटील त्यालाच त्यात अधिक वाटा मिळतो. जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये हा दोष दाखविला आणि प्रत्येक प्रेषकाची निराळी रांग लावून आळीपाळीने एकेक पाकीट घ्यावे, असे सुचविले. मात्र पाकिटे सारख्या आकाराची नसतात. म्हणून १९८९ मध्ये ॲलन डेमर्स, दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी आकारही हिशेबात घेणारी रीत मांडली. ती न्याय्य होती. पण प्रत्येक पाकिटाचा क्रम लावण्याचे काम वेगवान यंत्राला जड जाई.

१९९५ साली एम. श्रीधर आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले जॉर्ज वर्गीज यांनी सोपा उपाय सांगितला. प्रत्येक रांगेचे एक खाते ठेवावयाचे आणि दर फेरीला त्यात ठरावीक रक्कम, समजा ४०० बाइट, जमा करावयाची. चित्रफितीचे पाकीट १२०० बाइटांचे असेल, तर ते तिसऱ्या फेरीत सुटेल. अर्जाची पाकिटे २०० बाइटांची असतील, तर दर फेरीला दोन सुटतील. तीन फेऱ्यांअखेर दोघांनाही १२०० बाइट मिळाले! रांग रिकामी झाली की शिल्लकही शून्य होते. कोणालाही हक्क साठवून ठेवता येत नाही.

आजच्या शक्तिमान यंत्रांत हे काम अनेक प्रोसेसर वाटून घेतात, आणि तेथे नवी अडचण उद्भवते. एकाच संदेशाची पाकिटे निरनिराळ्या प्रोसेसरांकडे गेली, तर मागचे पाकीट पुढे निघून क्रम बिघडू शकतो. म्हणून ती सहसा एकाकडेच सोपवितात. पण समजा, एका प्रोसेसरकडे एकच रांग आहे व दुसऱ्याकडे दहा. तार दोघांत निम्मी वाटली, तर एकट्या रांगेला इतरांच्या दसपट वाटा मिळेल. उलट, सर्वांचे खाते एकत्र ठेवले, तर प्रत्येक नोंदीसाठी प्रोसेसरांना एकमेकांकरिता खोळंबावे लागेल.

म्हणून रांगांच्या संख्येच्या प्रमाणात प्रोसेसरांचे वाटे ठरविणे आणि ते वेळोवेळी जुळवून घेणे, हा मधला मार्ग उरतो. वाटा प्रोसेसरचा नसून रांगेत उभ्या असलेल्याचा आहे, हे तत्त्व सांभाळले, तरच त्या विद्यार्थिनीचा अर्ज वेळेवर पोहोचेल.